हॉल लख्ख दिसतो, मग फोटो काळे आणि हललेले का येतात?

बॅडमिंटनचा हॉल. छतावर दिव्यांच्या रांगा, खाली चकचकीत कोर्ट, वर्तमानपत्र सहज वाचता येईल इतका उजेड. प्रेक्षकांतले आई-बाबा फोन किंवा कॅमेरा घेऊन सरसावून बसलेले. सामना संपल्यावर फोटो चाळायला घेतले की चेहरे पुसट, हात अर्धेमुर्धे, रॅकेट तर गायबच. एक फोटो पिवळट, लगेचचा पुढचा हिरवट. त्याच कॅमेऱ्याने सकाळी मैदानावर काढलेले फोटो मात्र झकास असतात.

कॅमेरा बिघडलेला नसतो आणि काढणाऱ्याचा हातही थरथरत नसतो. हॉलमध्ये मुळात उजेडच कमी असतो आणि ते आपल्याला जाणवत नाही.

डोळा आपल्याला फसवतो

उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो, तर शाळा-कॉलेजच्या किंवा क्लबच्या क्रीडा हॉलमध्ये ३०० ते ५००. म्हणजे उन्हाच्या मानाने दोनशे ते तीनशे पटींनी कमी.

इतका फरक असूनही तो जाणवत का नाही? डोळ्याची बाहुली लहान-मोठी होऊन फार तर सोळा पटींची भर टाकते. बाकीचं काम दृष्टिपटल आणि मेंदू करतात. मिनिटा-दोन मिनिटांत ते नव्या उजेडाला सरावतात आणि सगळं ठीक असल्याचं आपल्याला भासवतात. कॅमेऱ्याला ही सोय नाही. जेवढा उजेड आत शिरला, तेवढ्याचीच नोंद तो करतो.

‘टीव्हीवर तर किती स्वच्छ दिसतं!’ असं यावर हमखास ऐकायला मिळतं. थेट प्रक्षेपण होतं ते हॉल वेगळ्या दर्जाने उजळलेले असतात. तिथला उजेड साध्या हॉलच्या अनेक पटींनी जास्त असतो आणि स्लो मोशनमध्येही लुकलुकणार नाहीत असे दिवे मुद्दाम बसवलेले असतात. त्या चित्राशी आपल्या फोटोची तुलनाच नको.

कॅमेऱ्याच्या हातात तीनच गोष्टी

पहिली शटर स्पीड, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा. दुसरी अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती मोठं उघडायचं. हे ‘एफ’ आकड्यात सांगतात आणि आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. एफ ५.६ च्या चौपट उजेड एफ २.८ ला आत येतो. तिसरी आयएसओ, म्हणजे जो उजेड मिळाला तो किती वाढवून दाखवायचा. यातल्या कशानेही फोटोचा उजळपणा दुप्पट किंवा निम्मा झाला की त्याला फोटोग्राफर ‘एक स्टॉप’ म्हणतात. हॉल आणि ऊन यांत साधारण आठ स्टॉपचा फरक असतो. आठ वेळा दुप्पट म्हणजे २५६ पट.

आता हे आकडे घालून बघू. कडक उन्हात आयएसओ १००, एफ ५.६ आणि १/८०० सेकंद या सेटिंगवर फोटो बरोबर येतो. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तोच शटर घेऊन हॉलमध्ये गेलात तर आयएसओ थेट २५६०० करावा लागेल. ऑटो मोडवरचा कॅमेरा एवढ्या वर जायला बिचकतो. तो आयएसओ १६०० वर थांबतो आणि उरलेली भरपाई वेळ वाढवून करतो. शटर येतं १/५० वर. भिंत, नेट, खुर्चीत बसलेले पंच छान येतात आणि हलणारं सगळं पुसलं जातं. आई-बाबांच्या फोनमध्ये नेमकं हेच झालेलं असतं. कॅमेऱ्याच्या लेखी त्याने चोख काम केलंय. समोर खेळ चालू आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

काही फोनमध्ये आणि कॅमेऱ्यांत ‘स्पोर्ट्स’ मोड असतो. तो तेवढं सांगण्याचंच काम करतो, पण बेतानेच.

किती वेग पुरतो?

धावणारा खेळाडू सेकंदाला सहा मीटर जातो असं धरा. १/५० सेकंदात तो १२ सेंटिमीटर सरकतो. चेहरा ओळखू येणार नाही एवढं हे अंतर आहे. १/५०० ला ते सव्वा सेंटिमीटरच्या आत येतं आणि १/१००० ला सहा मिलिमीटरवर. हात आणि पाय धडापेक्षा कितीतरी वेगाने फिरतात, म्हणून हॉलमधल्या बहुतेक खेळांसाठी १/५०० हा किमान आकडा धरावा. बॅडमिंटन आणि टेबल टेनिसला १/१००० बरा.

शटलचा नाद मात्र लवकर सोडावा. २०२३ साली जपानमध्ये झालेल्या चाचणीत भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला आणि गिनेसमध्ये तो विक्रम म्हणून गेला. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १५७ मीटर. १/१००० सेकंदातसुद्धा असं शटल जवळजवळ १६ सेंटिमीटर पुढे गेलेलं असेल. रॅकेटवरून सुटतानाचा हा वेग पुढे झपाट्याने कमी होतो आणि प्रत्येक स्मॅश काही विक्रमी नसतो. तरी शटलची पांढरी रेघ आली तर फोटो फसला असं समजू नये. चेहरा आणि डोळे स्पष्ट हवेत. शटल ओढलेलं दिसलं तर वेगाची कल्पना येते, मला तर ते आवडतंच.

‘पण आयएसओ वाढवला की फोटो फुटतो ना?’

या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच. आयएसओ वाढवला की फोटोत दाणे दिसतात हे खरं. पण ते दाणे आयएसओ तयार करत नाही. उजेड कमी पडल्यामुळे ते आधीच तिथे असतात, आयएसओ ते फक्त उजळ करून दाखवतो.

वळवाच्या पावसाची सुरुवात आठवा. अंगणातल्या फरश्यांवर पहिले थेंब पडतात, तेव्हा एका फरशीवर पाच थेंब, शेजारच्या फरशीवर दोन, तिसरी कोरडीच. आभाळ सगळीकडे सारखं, तरी फरश्या ठिपकेदार दिसतात. पाऊस तासभर कोसळला की सगळ्या फरश्या सारख्याच भिजतात. प्रकाशही असाच सुट्या कणांनी येतो. त्या कणांना फोटॉन म्हणतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, अशा कोट्यवधी फरश्या आहेत. फोटॉन भरपूर पडले तर शेजारशेजारच्या फरश्यांतला फरक नगण्य ठरतो, मोजके पडले तर तो ठळक दिसतो. एकसारख्या निळ्या जर्सीवर जी रंगीबेरंगी रेती पसरल्यासारखी दिसते, ती याच असमान थेंबांची.

याचं गणितही सोपं आहे. एका फरशीवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील तर त्यात साधारण १० इकडेतिकडे होतात, म्हणजे दहा टक्के चढउतार. १०,००० पडत असतील तर १०० इकडेतिकडे, म्हणजे एकच टक्का. उजेड शंभर पट वाढला तेव्हा फोटो दहा पट नितळ झाला.

म्हणून आयएसओ कमी ठेवून काळा फोटो काढायचा आणि घरी जाऊन उजळ करायचा, या युक्तीत राम नाही. पडलेले थेंब तेवढेच राहतात. उलट फोटो जेपीईजी स्वरूपात असेल तर नुकसानच होतं, कारण त्यात प्रत्येक रंगाला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ च पायऱ्या असतात. काळ्या कोपऱ्यातल्या मोजक्या पायऱ्या ताणून उजळ केल्या की त्वचेवर डाग पडतात. रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, थोडी सवलत मिळते. पण तिथेही नवे फोटॉन कुठून येणार?

तेव्हा आयएसओ ३२००, ६४००, अगदी १२८०० ला घाबरू नका. दाणेदार पण स्पष्ट फोटो फोनच्या पडद्यावर चांगला दिसतो, छोट्या छपाईतही दाणे फारसे जाणवत नाहीत. हललेला फोटो मात्र कुठल्याच आकारात सुधारत नाही. एकाचा त्याग करायचाच असेल तर नितळपणाचा करावा.

लेन्सचं भोक आणि त्याची किंमत

मघाचा २५६०० चा आकडा आठवतो? तीच वेळ, तोच शटर, पण एफ २.८ ची लेन्स लावली तर आयएसओ ६४०० पुरतो. एफ १.८ असेल तर २५०० च्या आसपास. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या झूम लेन्स लांबच्या टोकाला बहुधा एफ ५.६ किंवा ६.३ वर अडकतात. म्हणून हॉलमध्ये नवा कॅमेरा घेण्याआधी लेन्सकडे बघावं. झूम नसलेली ५० किंवा ८५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स कोर्टाच्या कडेला उभं राहता येत असेल तर मोठ्या झूमपेक्षा जास्त कामाची ठरते.

फुकट मात्र काही नाही. भोक मोठं केलं की स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटर, एफ १.८, खेळाडू पाच मीटरवर असेल तर हा पट्टा जेमतेम ३५-४० सेंटिमीटर जाडीचा. खेळाडू एक पाऊल पुढे आला की बाहेर. त्यामुळे फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर ठेवावा लागतो, एकदाच जुळवून थांबणाऱ्या नव्हे. तरीही काही फोटो हुकणार हे गृहीत धरा.

‘मग फ्लॅश मारला की झालं’

नाही झालं. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. दोन मीटरवर जेवढा उजेड पडतो, त्याचा पंचविसावा हिस्सा दहा मीटरवर उरतो. गॅलरीतून मारलेला फोनचा फ्लॅश पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकांची डोकी उजळतो, बस्स. शिवाय सर्व्हिस घेणाऱ्याच्या किंवा बीमवर उडी मारणाऱ्या जिम्नॅस्टच्या डोळ्यांत अचानक लखलखाट होणं धोक्याचं आहे, म्हणून बहुतेक स्पर्धांत त्याला मनाई असते. नसली तरी मारू नये.

एनबीएच्या बास्केटबॉल सामन्यांत छायाचित्रकार फ्लॅश वापरतात हे कुणी दाखवून देईल, आणि ते बरोबरच आहे. पण ते मोठे स्ट्रोब, म्हणजे ताकदवान फ्लॅश, असतात, छताजवळच्या मचाणांवर आधीपासून बसवलेले, आयोजकांच्या परवानगीने, खाली बसलेल्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याला बिनतारी जोडलेले. खेळाडूंच्या नजरेच्या रेषेत ते येत नाहीत. त्याचा आणि आपल्या खिशातल्या फ्लॅशचा संबंध नाही.

एक फोटो पिवळा, पुढचा हिरवा

लोक सगळ्यात जास्त चक्रावतात ते इथे. सलग दहा फोटो काढले, सेटिंग एकच, तरी दोन काळपट, एक तपकिरी, एकाचा वरचा अर्धा भाग उजळ आणि खालचा मळकट. कॅमेरा दुरुस्तीला नेण्याचा विचार इथेच सुरू होतो.

दोष दिव्यांचा असतो. विजेचा प्रवाह बहुतेक देशांत सेकंदाला ५० वेळा उलटसुलट आवर्तनं करतो. प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा तेजाळतो आणि दोनदा मंदावतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. जिथे वीज ६० हर्ट्झची, तिथे १२० वेळा. डोळ्याला हे कळत नाही. जुन्या ट्यूबलाइट, मर्क्युरी आणि मेटल हॅलाइड दिव्यांत मंदावताना नुसता उजेड कमी होत नाही, रंगही बदलतो. एलईडीचं सगळं त्याच्या आतल्या ड्रायव्हरवर, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटवर, अवलंबून असतं. चांगला ड्रायव्हर असेल तर उजेड स्थिर, सुमार असेल तर तोही लुकलुकतो आणि कधीकधी भलत्याच गतीने.

शटर १/१०० असताना एक अख्खा चढउतार फोटोत मावतो, म्हणून सगळे फोटो सारखे येतात. १/१००० ला त्या चढउताराचा फक्त दहावा तुकडा हाती लागतो. तो शिखरावरचा असेल तर फोटो छान, तळाचा असेल तर काळा. म्हणजे हालचाल गोठवायला वेगवान शटर हवा आणि तोच शटर दिव्यांचं लुकलुकणं उघडं पाडतो.

एकाच फोटोत दोन रंग कसे येतात, त्याचं उत्तर शटरच्या रचनेत आहे. साधारण १/२५० पेक्षा वेगवान शटरला सेन्सर एकाच वेळी पूर्ण उघडा नसतो. दोन पडद्यांमधली अरुंद फट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. १/१००० ला प्रत्येक भागाला उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच मिळतो, पण फटीचा पूर्ण प्रवास चार मिलिसेकंदांच्या आसपास चालतो. तेवढ्यात दिव्याचा दहा मिलिसेकंदांचा चढउतार जवळजवळ अर्धा पालटलेला असतो. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर तर याहून संथ. अनेक कॅमेरे चित्र एका टोकापासून ओळीओळीने वाचतात. ते वाचायला १/२५ सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात दिवा चार वेळा लुकलुकून होतो आणि फोटोत चार आडवे पट्टे उमटतात. वेगाने फिरणारी रॅकेट वाकलेली दिसते ती निराळीच. नव्या महागड्या कॅमेऱ्यांत हे वाचन बरंच जलद झालंय. सोनीने २०२३ च्या नोव्हेंबरात जाहीर केलेल्या ए९ थ्री मध्ये तर सगळा सेन्सर एकाच क्षणी नोंद घेतो, त्यामुळे रॅकेट वाकण्याचा प्रश्नच मिटला. पण तो क्षण दिवा मंद असतानाचा निघाला, तर तिथेही फोटो काळपटच येणार.

उपाय आहेत. अनेक कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘अँटी-फ्लिकर’ नावाची सोय असते. कॅननने २०१४ साली ईओएस ७डी मार्क टू मध्ये ती दिली आणि पुढे इतरांकडेही आली. कॅमेरा दिव्यांची लय मोजतो आणि नेमका शिखराच्या क्षणी शटर उघडतो. सलग फोटोंचा वेग थोडा कमी होतो, पण रंग बराच स्थिरावतो. हॉलमध्ये पाऊल टाकल्याबरोबर ही सोय चालू करावी आणि मेकॅनिकल, म्हणजे पडद्यांचं, शटर वापरावं. ती नसेल तर रॉमध्ये फोटो काढा आणि सलग पाच-सहा घ्या, त्यांतला एखादा तरी शिखरावरचा असतो. काही हॉलमध्ये दिवे विजेच्या तीन वेगवेगळ्या फेजवर वाटलेले असतात. एकाचा उजेड उतरतो तेव्हा दुसऱ्याचा चढतो आणि हा त्रास आपोआप कमी होतो. तसा हॉल मिळाला तर नशीब.

एक्स्पोजर स्वतः ठरवा

हॉलमधला उजेड सहसा बदलत नाही. मग एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा हे, कॅमेऱ्याला दर फोटोला नव्याने ठरवू का द्यायचं? पांढरी जर्सी आली की तो फोटो काळा करतो, मागे काळा पडदा आला की चेहरा पांढराफटक. मॅन्युअल मोडवर जा. भोक पूर्ण उघडा, शटर हवं तिथे बसवा, आणि सरावाच्या वेळी एखाद्या खेळाडूचा चेहरा नीट दिसेपर्यंत आयएसओ वाढवत न्या. मग सामना संपेपर्यंत हात लावू नका. खिडक्यांतून ऊन येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मधूनमधून तपासावं लागतं.

वेग शून्यावर येतो तो क्षण

उपकरणांबद्दल एवढं लिहिलं तरी कमी उजेडातला सगळ्यात मोठा फायदा पैशाने विकत मिळत नाही. उडी मारणारा खेळाडू सर्वांत उंच ठिकाणी पोचतो, तेव्हा त्याचा वर जाण्याचा वेग संपलेला असतो आणि खाली येण्याचा सुरू व्हायचा असतो. त्या क्षणाच्या आधी आणि नंतर दशांश सेकंद, म्हणजे एकूण पंचमांश सेकंद, तो उंचीच्या पाच सेंटिमीटरच्या टप्प्यातच असतो. त्या काळात वरखालचा वेग सेकंदाला एक मीटरच्या पुढे जात नाही. १/२५० सेकंदात तो फार तर चार मिलिमीटर हलतो. धावताना त्याच शटरला हे अंतर २४ मिलिमीटर होतं. व्हॉलीबॉलमधला ब्लॉक, बास्केटबॉलमधला जंप शॉट, स्मॅशसाठी हात मागे खेचून घेतलेला खेळाडू, या सगळ्या ठिकाणी दोन स्टॉप उजेड वाचतो.

‘बटण दाबून ठेवलं की सगळं मिळतंच की,’ हा यावरचा आक्षेप. सेकंदाला दहा फोटो, प्रत्येक १/१००० चा, म्हणजे त्या अख्ख्या सेकंदातला फक्त शंभरावा भाग नोंदला गेला. उरलेले ९९ भाग फोटोंच्या मधल्या फटींत गेले. रॅकेट आणि शटलची गाठ तर काही मिलिसेकंदांचीच असते. खेळ ओळखून आधी बटण दाबणाऱ्याला ती मिळण्याची शक्यता जास्त, आणि म्हणून स्वतः तो खेळ खेळलेले लोक सामान्य कॅमेऱ्यानेही चांगले फोटो काढतात.

आणखी एक. दिवे डोक्यावर असतात, त्यामुळे मान खाली असलेल्या खेळाडूच्या डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी दिसतात. बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, टेबल टेनिसची सर्व्हिस, यांत खेळाडू वर बघतो आणि सगळा उजेड चेहऱ्यावर घेतो. तेच क्षण टिपा. कबड्डीत चढाई करणाऱ्याची मान बहुतेक वेळ खालीच असते, तिथे जमिनीलगत बसून फोटो काढावा. मॅटवरून परतलेला उजेड थोडा तरी चेहऱ्यावर येतो. मात्र मॅट हिरवी असेल तर हनुवटीही थोडी हिरवी होते, ते मुकाट चालवून घ्यायचं.

फोन असेल तर

फोनचा मुख्य सेन्सर फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या मानाने खूप लहान असतो. मोठ्या म्हणवल्या जाणाऱ्या फोन-सेन्सरचंही क्षेत्रफळ साधारण बारापट कमी भरतं, म्हणून त्यावर फोटॉनही कमी. रात्रीचे फोटो फोनमध्ये छान येतात ते अनेक फोटो एकावर एक रचून. स्थिर इमारतीला ते चालतं, धावणाऱ्या माणसाला नाही. नाइट मोड बंद करा. प्रो मोड असेल तर शटर १/५०० वर नेऊन बघा. झूम टाळा, कारण दूरचं जवळ दाखवणाऱ्या टेलि कॅमेऱ्याचा सेन्सर सहसा आणखी लहान असतो. कोर्टाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा आणि उडीच्या टोकावर नेम धरा. दाणे दिसतील. दिसू देत.

‘एआय नंतर साफ करेल’

दाणे, हो. गेल्या काही वर्षांत ही सॉफ्टवेअरं खरोखर सुधारली आहेत. अडोबीने २०२३ मध्ये लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिलेली डीनॉइजची, म्हणजे दाणे काढण्याची, सोय रॉ फाइलवर चालवली की आयएसओ १२८०० चा फोटोही पुष्कळ नितळ होतो. वेगवान शटर निवडण्याचं हे आणखी एक कारण. दाण्यांच्या आड डोळा, पापणी, जर्सीची शिवण नोंदली गेलेली असते, सॉफ्टवेअर फक्त वरची रेती काढतं.

हललेल्या फोटोत तसं काही नोंदलेलंच नसतं. चेहरा बारा सेंटिमीटरभर पसरला असेल तर सॉफ्टवेअर तिथे एक चेहरा रचून देईल, नीटनेटका आणि ओळखीचा वाटणारा, पण तो त्या मुलीचा असेलच असं नाही. घरच्या अल्बमला कदाचित चालून जाईल. स्पर्धेच्या बातमीसोबत किंवा संघाच्या नोंदीत असा फोटो देऊ नये.